नाताळच्या फराळाच्या डब्यात पत्रिका घालावी का? (आणि एकंदरीत विश्वासाबद्दल बोलायचं कसं)

भिंगारवाला

मंडळी, सलाम. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच चालतं), सध्या वाकडला एका मोठ्या सोसायटीत राहतो, नोकरी हिंजवडीत. घर चार पिढ्या ख्रिस्ती, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. सोसायटीत आम्ही, एक मल्याळी कुटुंब आणि एक मंगलोरच्या आंटी सोडल्या तर बाकी सगळे हिंदू आणि थोडे जैन. दर नाताळात आई करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे असं सगळं करते आणि सोबत केक, आणि आमच्या मजल्यावर नि खालच्या-वरच्या मजल्यावर डबे जातात. दिवाळीत त्यांच्याकडून आपल्याकडे येतात तसेच. यात विशेष काही नाही.

तर यंदा आमच्या चर्चच्या तरुण संघाने एक कल्पना काढलीय. प्रत्येकाने आपापल्या सोसायटीत जे डबे जातात त्यात एक छोटी पत्रिका घालायची, 'नाताळ का साजरा करतात' वगैरे, मागे क्यूआर कोड, स्कॅन केला की व्हिडिओ. पोरांनी मेहनतीने डिझाईन केलंय, छपाईचे पैसे पण त्यांनीच काढले. मागच्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश पण मत्तय २८ वरच होता, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, आणि शेवटी ते म्हणाले की तुम्ही राष्ट्रं राहू द्या, समोरच्या फ्लॅटपर्यंत तरी गेलात का. सगळी मंडळी हसली, मी पण हसलो, पण तेव्हापासून डोक्यात ते फिरतंय.

आई म्हणते घाल, त्यात काय लाजायचं. बायको म्हणते अजिबात नाही, डबा हा डबा आहे. मी मधल्या मध्ये.

ऑफिसात पण हेच. माझं आडनाव अस्सल मराठी, त्यामुळे 'अरे तू ख्रिश्चन? वाटत नाहीस' हे वर्षातून दोनतीनदा होतंच, मग पुढचा प्रश्न 'म्हणजे आधीचे कोण तुम्ही?' (हा प्रश्न कशासाठी असतो ते इथे सांगायला नको.) आणि पार्टीत मी दारू घेत नाही म्हटल्यावर 'तुमच्यात तर चालते ना रे' हे आहेच. अशा वेळी मी हसून विषय बदलतो. विश्वासाबद्दल एक वाक्य धड बोलायची सवयच नाही मला, आणि एकदम पत्रिका वाटायची म्हणजे पोहता येत नसताना थेट विहिरीत उडी.

तर प्रश्न दोन. एक, पत्रिका घालावी का. दोन, तुम्ही लोक रोजच्या आयुष्यात आपल्या विश्वासाबद्दल कसं बोलता. हिंदू वाचकांनी पण सांगा प्लीज, पलीकडून कसं वाटतं ते ऐकायचंय.

---

वसईची वाडी

आमच्या वसईत पत्रिका वाटायची पद्धतच नाही. कॅथलिकांत तुम्हाला हे कमीच दिसेल. १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांच्यासोबत गोरे पाद्री गेले, तरी आमचे लोक राहिले ना ख्रिस्ती? कुणी प्रचारक नव्हता, मागे राजा नव्हता. घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होती, गावात देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) होतं, आजी होती, बस.

नाताळात आमच्या आळीत येशूजन्माच्या देखाव्याचा मोठा गोठा करतात, पोरं महिनाभर खपतात, आणि बघायला अख्खं गाव येतं, नालासोपारा विरारवरून पण लोक येतात, लहान मुलं विचारतात हे कोण, ते कोण, मग आमची पोरं सांगतात हा योसेफ, ही मारिया, हे मेंढपाळ. झाली सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगून. संत फ्रान्सिस म्हणालेच आहेत ना, सुवार्ता सदैव सांगा आणि गरज पडली तर शब्द वापरा.

---

तिरपागडे

पलीकडून कसं वाटतं विचारलंत म्हणून लिहितो. मी कोथरूडचा, घरी सगळं सणवार करणारा माणूस, देवावर विश्वास आहे म्हणा किंवा सवय आहे म्हणा.

तुमचा डबा माझ्याकडे आला तर मी आनंदाने खाईन आणि डबा रिकामा परत देणार नाही. पण त्यात पत्रिका निघाली की मला पहिला विचार हाच येणार की अच्छा, म्हणजे करंजी यासाठी होती. मागच्या पाच वर्षांच्या करंज्यांबद्दल पण तोच संशय येणार. पत्रिकेत काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच. तुमच्या आईने मनापासून केलेल्या वस्तूला तुम्ही उगाच कशाची तरी शेपटी लावताय.

दुसरं थोडं कडू आहे. माझी आई आयसीयूत होती तेव्हा बाहेर बाकावर बसलो होतो, दोन रात्री झोप नाही, एक गृहस्थ आले, गोड बोलले, चहा आणून दिला, आणि मग हातात पुस्तिका ठेवून म्हणाले येशूकडे मागा, तो बरं करेल. मला तेव्हा त्यांना काही बोलता आलं नाही पण अजून आठवलं की डोकं फिरतं. तो चहा पण कडू झाला मग. माणूस कोलमडलेला असताना त्याला काही विकू नये, इन्शुरन्स नाही, प्लॉट नाही आणि देव तर नाहीच नाही.

---

पिंपळपार

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

सोसायटीत गणपतीची वर्गणी कोण देतं? आम्ही देतो. सत्यनारायणाला बोलावलं की प्रसाद कोण घेतं? आम्ही घेतो (सगळे ख्रिस्ती घेत नाहीत, आमच्या घरात घेतात, यावर वेगळा धागा काढा). व्हॉट्सॅपवर रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या महाराजांचे सुविचार, सत्संगाची आमंत्रणं, विपश्यनेला जाऊन आलेला माणूस तर सहा महिने दुसरं काही बोलत नाही. ऑफिसात मॅनेजर सगळ्या टीमला कुठल्या तरी ध्यानशिबिराला घेऊन जातो आणि त्याला वेलनेस म्हणतात. कुणाला काही वाटत नाही. आणि आपण एक चार ओळींचा कागद दिला तर तो प्रचार.

@भिंगारवाला, दादा तुम्ही विषय बदलता म्हणालात ना, ते मला जास्त खटकलं. त्याला नम्रता म्हणू नका, ती भीती आहे. माझे वडील पाळक होते, खेड्यात सायकलवर फिरायचे, त्यांना शिव्या पण बसल्या आणि पिठलं भाकरी पण मिळाली. ते म्हणायचे की लोकांना तुमच्या बोलण्याचा त्रास होत नाही, हेतू लपवून बोललात की त्रास होतो.

@तिरपागडे, आयसीयूबाहेरचं जे झालं ते वाईटच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्यावरून सगळ्यांनी गप्प बसावं हे मला पटत नाही. कुणाला एखादी गोष्ट खरंच अनमोल वाटत असेल आणि तो जन्मभर शेजाऱ्याला एका शब्दाने बोलला नाही तर त्याला ती खरंच अनमोल वाटते का?

---

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण कुणीतरी येऊन 'हे बेकायदेशीर आहे' म्हणणारच.

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. हा 'प्रसार' शब्द ठेवावा की काढावा यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये चांगलीच खडाजंगी झाली होती, ओरिसाचे लोकनाथ मिश्र विरोधात होते, कन्हैयालाल मुन्शी बाजूने बोलले आणि शब्द राहिला. नंतर १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. जबरदस्ती, आमिष, फसवणूक याविरुद्ध काही राज्यांत वेगळे कायदे आहेत आणि त्यांच्या व्याख्या बऱ्याच सैल आहेत, म्हणून सावध राहावं लागतं.

तुमची पत्रिका हा गुन्हा नाही. पण खाण्याच्या वस्तूसोबत धर्माचा कागद, आणि तोही आजच्या वातावरणात, कुणी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वकील म्हणून सल्ला, डबा आणि कागद वेगळे ठेवा.

---

खडूस_म्हातारा

गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. देवळं पाडली, लोक मूर्ती घेऊन नदीपलीकडे पळाले. आणि इकडे नगर जिल्ह्यात दुष्काळात धान्य वाटून लोक बाटवले. आता करंज्या वाटताय. पद्धत तीच.

---

चौथी_पाटी

@खडूस_म्हातारा, गोव्याचं जे झालं ते झालं, त्याचं समर्थन करणारा ख्रिस्ती मला आजवर भेटला नाही. पण नगरच्या धान्याबद्दल मी बोलते कारण ते माझ्या घरातलं आहे.

माझे खापरपणजोबा महार. गावात विहिरीला हात लावता येत नव्हता, देवळाची पायरी चढता येत नव्हती, शाळेच्या ओट्यावर बसता येत नव्हतं. दुष्काळ पडला तेव्हा ज्यांनी धान्य दिलं त्यांनी पुढे पाटी पण दिली, आणि एकाच भांड्यातलं पाणी दिलं. याला तुम्हाला आमिष म्हणायचं असेल तर म्हणा. मग मला एवढंच सांगा की हे आमिष दाखवायला बाकीच्या कुणाला कुणी अडवलं होतं?

आणि फायद्याचंच बोलायचं तर हिशोब पूर्ण करा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणजे चार पिढ्या जातीचे टोमणे खायला आम्ही महारच आणि फॉर्म भरताना ख्रिस्ती. भिंगारवाला, तुम्हाला 'आधीचे कोण' विचारतात ना, तेच हे. लोभाने आलेले लोक एवढं सोसून टिकत नाहीत हो.

बाटगे हा शब्द मी शाळेत ऐकलाय, इथे परत ऐकायची इच्छा नाही.

---

खडूस_म्हातारा

मी तुम्हाला व्यक्तिशः काही म्हटलेलं नाही.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा डब्याबद्दल आणि बोलण्याबद्दल आहे, तिथेच ठेवा. धर्मांतराच्या इतिहासावर आधीचे तीन धागे उघडे आहेत, हौस असेल त्यांनी तिकडे जावे.

---

जुनी_पानं

इतिहास नको म्हणतायत पण मराठीत या विषयावर बोलायचं आणि टिळकांना टाळायचं हे शक्य नाही, म्हणून संपादकांची क्षमा मागून.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती कसे झाले? कुणी व्यासपीठावरून ओरडलं म्हणून नाही. नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते, डब्यात एक गोरा माणूस होता, त्याने सरकून जागा दिली, बोलणं सुरू झालं ते काव्यावर. धर्म नंतर आला. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून मोकळा झाला. टिळकांनी घरी येऊन पुस्तक वाचायला घेतलं ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. बाप्तिस्मा १८९५ ला, मुंबईत. म्हणजे आधी जागा, मग कविता, मग पुस्तक, आणि त्यानंतर तो गृहस्थ मागे लागला नाही. पत्रिका वाटणाऱ्यांनी या क्रमाकडे बघावं असं मला वाटतं. (पण पुस्तक दिलं होतं हेही खरं, हे पिंपळपार ताईंच्या बाजूने.)

आता घरातलं बघा. लक्ष्मीबाईंवर तर आभाळ कोसळलं, दोघं काही वर्षं वेगळे राहिले. मग एकत्र आल्या तरी बाई आपलं सोवळं सांभाळूनच. आणि एवढा मोठा कवी, वक्ता, त्याने बायकोवर जबरदस्ती केली नाही. बाई स्वतः विचार करत करत, भांडत, रडत, १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना मला कायम वाटतं की हे पुस्तक कुणालाही ख्रिस्ती करायला लिहिलेलंच नाही, त्यात टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, पैशाची चणचण आहे, हसू आहे, आणि म्हणूनच हजारो हिंदू घरांतून ते वाचलं गेलं. साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) म्हणतात ती हीच असावी बहुतेक.

टिळकांनी उपदेशाला ओवी, अभंग, कीर्तन वापरलं. ही गोष्ट त्यांच्याही आधीची, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसाने १६१६ ला गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ ११,००० ओव्या, मराठीत. आणि शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे भक्त म्हणून एकत्र असावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले, पुढे ते फार वाढलं नाही. पण बघा, ज्याने स्वतः एवढी किंमत मोजून बाप्तिस्मा घेतला तोच म्हातारपणी म्हणतो की दाराशी रजिस्टर घेऊन उभं राहू नका.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आणि ते जास्त अवघड आहे. १८८९ ला विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या शब्दावर. रानडे, भांडारकर सल्लागार. बाई स्वतः १८८३ लाच इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. १८९३ ला यावरून केवढा गहजब झाला, केसरीने धारेवर धरलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. आता सांगा, स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करणं हा प्रचार आहे का? बाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही पण माझ्या विश्वासाबद्दल लपवाछपवी पण करणार नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की आश्रयाला आलेल्या विधवा मुली, त्यांचं सगळं तुमच्यावर अवलंबून, तिथे उघडं दार पण साधं राहत नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून ही गोष्ट मला सव्वाशे वर्षांनंतर पण मिटलेली वाटत नाही.

---

तिरपागडे

@जुनी_पानं भारी प्रतिसाद. ते शेवटचं महत्त्वाचं आहे. कोण कुणावर अवलंबून आहे हे बघा. रेल्वेतले दोघं बरोबरीचे होते, टिळक पुढच्या स्टेशनला उतरून पुस्तक फेकू शकत होते. मी आयसीयूबाहेरून उठून कुठे जाणार होतो?

---

शंकासुर

@वसईची वाडी, ते 'गरज पडली तर शब्द वापरा' हे वाक्य संत फ्रान्सिसच्या कुठल्याही लिखाणात सापडत नाही. पोस्टरवर छान दिसतं म्हणून चालतं. उलट तो माणूस गावोगाव बोलत हिंडायचा.

तुमच्याच चर्चचं पक्कं वाक्य हवं असेल तर पोप बेनेडिक्ट सोळावे २००७ ला ब्राझीलमध्ये म्हणाले होते की चर्च माणसं ओढून आणून वाढत नाही, आकर्षणाने वाढतं. पुढे पोप फ्रान्सिस हेच वारंवार सांगायचे.

मी स्वतः नास्तिक आहे, पण चुकीचं अवतरण बघवत नाही.

---

वसईची वाडी

बरं बाबा. नास्तिकाकडून पोप शिकायचा दिवस आला :)

---

रातपाळी

मी नर्स आहे, वीसेक वर्षं वॉर्डात काढली, सुरुवात मिशन हॉस्पिटलात झाली, आता सरकारी. तिरपागडे दादांचं वाचलं म्हणून लिहितेय, नाहीतर मी फक्त पाककृतींचे धागे वाचते.

आमच्या मॅट्रनबाई खूप प्रार्थना करणाऱ्या होत्या, पण त्यांचा नियम कडक होता. पेशंटने विचारल्याशिवाय देवाचं नाव काढायचं नाही. विचारलं तर हात धरून प्रार्थना करायची, हळू आवाजात, आणि ती त्याच्यासाठी करायची, त्याला उपदेश म्हणून नाही. बेशुद्ध माणसाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करणारे बाहेरचे लोक यायचे त्यांना त्या चक्क हाकलायच्या, म्हणायच्या की देव बहिरा नाही आणि हा माणूस नाही म्हणू शकत नाही.

आणि गंमत म्हणजे लोक विचारतातच. रात्री तीनला वॉर्ड शांत असतो, ज्याला झोप येत नाही तो विचारतो, सिस्टर तुम्ही देवळात जाता का, तुमच्यात मेल्यावर काय म्हणतात. कधी कधी एकादशीचे उपास करणाऱ्या आज्या म्हणतात, बाई तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या सांगते. मी सांगते. त्यातून कुणी ख्रिस्ती झालं का? माझ्या माहितीत नाही, आणि मी त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच लोकांना सांगायची आहे. बरं होण्याच्या सभा भरतात ना, तिथून आलेले पेशंट मी बघितलेत. प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन बंद केलेली बाई, पाय काळा पडल्यावर आणली. फिटच्या गोळ्या सोडलेला मुलगा. असल्या साक्षी स्टेजवरून सांगतात तेव्हा टाळ्या वाजतात, पुढे काय झालं ते सांगायला कुणी स्टेजवर येत नाही. सुवार्ता सांगा नाहीतर नका सांगू, पण गोळ्या बंद करा असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. तो पाळक असला तरी.

---

कलमबहाद्दर

@रातपाळी +१. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा याच कारणाने सगळ्या धर्मांना लागू आहे, साप विंचू कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं त्यात स्पष्ट गुन्हा आहे.

---

न्यूजर्सीकर

मी हिंदू, एडिसनला राहतो. इकडे दारावर येणारे पण आहेत, बेल वाजली की आम्ही पडद्याआडून बघतो आणि घरात नसल्यासारखे बसतो, ते वेगळे.

पण शेजारी एक अमेरिकन जोडपं आहे, त्यांनी पहिल्या वर्षी ईस्टरला बोलावलं. काका सरळ म्हणाले की आम्हाला तुम्ही आलात तर आवडेल, नाही आलात तरी उद्या गवत कापायचं मशीन तुम्हाला मिळेलच. आम्ही गेलो नाही. मशीन मिळालं. पुढच्या वर्षी परत विचारलं, गेलो, गाणी ऐकली, जेवलो. त्यानंतर ते आमच्या गणपतीला आले, मोदक खाल्ले, आरतीला मागे उभे राहिले, हात जोडले नाहीत आणि आम्हाला पण काही वाटलं नाही. मी ख्रिस्ती झालेलो नाही आणि होईन असं वाटत नाही, पण त्यांचा येशू कोण आहे हे मला शाळेत शिकलो त्यापेक्षा खूप जास्त कळलं. फरक माझ्या मते इतकाच की 'नाही' म्हटल्यावर काहीही बदललं नाही.

---

पिंपळपार

@न्यूजर्सीकर, हेच तर मी म्हणतेय, त्यांनी विचारलं ना! तोंडाने विचारलं. कुणी जगून दाखवतो म्हणून गप्प बसलं असतं तर तुम्हाला काय कळलं असतं, की शेजारी मशीन उसनं देतात एवढंच.

बायबलातलं १ पेत्र ३:१५ सगळे जण अर्धं सांगतात. विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या हे बरोबर, पण त्यात उत्तर द्यायला कायम तयार असा हे पण आहे. भिंगारवाला दादांना ऑफिसात विचारतायत आणि ते विषय बदलतायत! सोमवारी कुणी वीकेंडला काय केलं विचारलं की आपले लोक म्हणतात 'काही नाही, घरीच'. अहो दोन तास चर्चला होतात ना, मग तेवढंच सांगा. चर्चला गेलो होतो, उपदेश क्षमेवर होता, मला काही झेपला नाही. ट्रेकला गेलेला माणूस ट्रेकचं सांगतोच की. लपवायचं बंद केलं की वेगळी पत्रिका काढायची वेळ येत नाही बहुतेक.

म्हणजे बघा, शेवटी मी पण पत्रिकेच्या विरोधात आले. पण कारण वेगळं आहे हं.

---

चौथी_पाटी

पिंपळपार, पटलं. फक्त एक, 'नुसतं सांगा' हे सगळ्यांना सारखं सोपं नसतं. पुण्यात आयटीत बसून सांगणं वेगळं आणि तालुक्याच्या गावात, जिथे मागच्या महिन्यात घरातली प्रार्थना बंद पाडली तिथे सांगणं वेगळं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण सगळे मिळून ११ लाखाच्या आत होतो, एक टक्का पण नाही. कुणी गप्प बसत असेल तर त्याला लगेच भित्रा म्हणू नका.

---

पिंपळपार

हे मान्य. गावाकडच्यांना मी काही म्हणणार नाही.

---

भिंगारवाला

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार, खडूस काकांचे पण.

अपडेट देतो. घरात चर्चा झाली. डब्यात पत्रिका नाही, हे नक्की. तिरपागडे यांचं मागच्या करंज्यांबद्दलचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, मी देताना तोंडाने बोलणार, आमचा तारणारा जन्मला म्हणून हे गोड, एवढं मी दरवर्षी म्हणतेच आणि म्हणणार, तेवढं तू थांबवू नकोस. हे ती दरवर्षी म्हणते हे मला माहीतच नव्हतं, डबे ती आणि बायको वाटतात.

२४ ला संध्याकाळी क्लबहाऊस मागितलंय. कमिटीने हो म्हटलं, एक जण म्हणाला डीजे नाही ना, मी म्हटलं पेटी, तबला आणि दोन गिटार. सोसायटीच्या ग्रुपवर साधा मेसेज टाकतोय की नाताळची गाणी, लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं जन्माचं वाचन आणि फराळ, यावंसं वाटेल त्यांनी या. म्हणजे काय वाचणार ते आधीच माहीत असेल, कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. मराठी भजनं जास्त घेऊ, टिळकांची दोन बसवतोय. तरुण संघाची पोरं थोडी नाराज आहेत कारण छापलेल्या पत्रिका पडून आहेत. त्यातल्या एकाने विचारलं की टेबलावर ठेवल्या तर चालेल का, ज्याला हवी तो घेईल. मला वाटतं चालेल, पण बायको म्हणते फराळाच्या टेबलावर नाही, दाराजवळच्या. कलमबहाद्दर, तुमचं काय मत?

ऑफिसचं सांगायचं राहिलं. शुक्रवारी टीमच्या जेवणात परत तोच दारूचा विषय निघाला. मी म्हटलं, आमच्यात काही जण घेतात, मी घेत नाही, माझ्या आजोबांनी दारू सोडून येशूला धरलं होतं आणि आमच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात. एवढंच. एक जण म्हणाला माझे पण आजोबा माळकरी होते, त्यांनी पण तशीच सोडली. मग पुढचा अर्धा तास आजोबांवरच गप्पा.

---

जुनी_पानं

वा! टिळकांची कुठली भजनं बसवताय ते कळवा, चाली हव्या असतील तर आमच्याकडे एक जुने पेटीवाले आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

कलमबहाद्दर

दाराजवळचं टेबल. तुमच्या पत्नी माझ्यापेक्षा चांगल्या वकील आहेत.

---

खडूस_म्हातारा

पेटी तबला असेल तर ऐकायला येऊ शकतो. मी बालेवाडीलाच असतो. पत्रिका घेणार नाही.

---

भिंगारवाला

या काका, नक्की या.

---

तिरपागडे

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्याकडे जैन शेजारी आहेत म्हणालात. केकमध्ये अंडं असतं ना?

---

भिंगारवाला

त्यांच्या डब्यात केक नसतो, नानकटाई असते. आईचं हे खातं पहिल्यापासून वेगळं आहे. अनारसे मात्र सगळ्यांना, आणि यंदा ते फसफसलेत, तर पाककृतीवाल्या कुणी असेल तर पीठ सैल झाल्यावर काय करायचं ते सांगा, आई विचारतेय.

---

रातपाळी

थोडं कोरडं तांदळाचं पीठ चोळून रात्रभर ठेवा म्हणावं त्यांना, आणि तळताना तूप फार तापवू नका.